मन्मथप्पांचा बेलुगा

आमचे शेजारी मन्मथप्पा औषधाच्या दुकानाच्या पायऱ्या चढताना दिसले, की दुकानदार आधी बाकीच्या गिऱ्हाइकांना भराभर वाटेला लावतो. आप्पांना ताप असो की खोकला, गोळीचं पाकीट हातात आलं की ते उलटंसुलटं करून बघतात, वरचं नाव अक्षर लावून मोठ्यानं वाचतात आणि विचारतात, "हे नाव कोण ठिवलं?"

"कंपनीनं ठेवलं, आप्पा."

"कंपनीतल्या कोण? का ठिवलं? अर्थ काय व्हतंय ह्याचा?"

"अर्थ कशाला पाहिजे? ताप उतरतो."

"वा! ज्याचं नाव-गाव ठाव न्हाई, त्याला पोटात घेऊ व्हय?"

शेवटी दुकानदार काहीतरी ठोकून देतो. एकदा त्यानं सांगितलं, की ही गोळी ज्या डॉक्टरनं शोधली त्याच्या बायकोचं नाव तिला दिलंय. आप्पा खूश होऊन घरी आले. दोन दिवसांनी ताप उतरल्यावर कंपाउंडच्या भिंतीवरून मला म्हणाले, "म्याडम, बाई चांगली असणार."

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हा माझा धंदा आहे आणि कुणी प्रश्न विचारला की न विचारलेलंही सांगून टाकणं हा माझा स्वभाव आहे. पण आप्पांपुढे मीही हात टेकले. लातुरात आम्ही ही जागा घेतली तेव्हा सामान उतरवायच्या आधीच ते भिंतीशी येऊन उभे होते. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, ऊन असूनही डोक्याला माकडटोपी. नाव विचारलं. मी म्हटलं, "वैजयंती."

"कोण ठिवलं?"

"आत्यानं. सगळ्यांची आत्याच ठेवते की."

"का ठिवली हेच नाव?"

मला कुठलं माहीत असणार! पाळण्यात होते मी. तसं सांगितलं तर म्हणाले, "आत्या हाय का? मग लावा की फोन." टेम्पोवाला घाई करत होता, नवरा डोळे वटारत होता, आणि मी रस्त्यात उभी राहून उमरीच्या आत्याला फोन लावला. आत्याशी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. ती आधी रुसली, मग रडली, मग तिनं माझं नाव कुठल्या शेजारणीच्या अंगणातल्या फुलावरून ठेवलं ते सांगितलं आणि मग तासभर सोडलंच नाही. टेम्पो नवऱ्यानंच रिकामा केला. त्यानं आप्पांना अजून माफ केलेलं नाही.

"नाव काय आभाळातून पडतंय का?" हे आप्पांचं पालुपद. "कोणतरी एक माणूस पयल्यांदा हाक मारलेला असतंय. तो कोण, हे इचारायला नगं?"

आमच्या मागं एक इमारत झाली. तिचं नाव 'लेक व्ह्यू'. लातुरात नळाला पाणी आलं तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात, तिथं हे नाव. आप्पा काठी टेकत बिल्डरच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, "तळं कुठंय?" बिल्डर म्हणाला, स्टाइल म्हणून ठेवलंय. आप्पा म्हणाले, "मग 'ट्यांकर व्ह्यू' ठिवा की. रोज दिसतंय." कॉलनीतली पोरं त्यांना मागून 'मूळ नक्षत्र' म्हणतात. आप्पांना हे ठाऊक आहे. त्यांची तक्रार एवढीच, की हे नाव कुणी ठेवलं ते कुणीच पुढं येऊन सांगत नाही.

आप्पांचं मूळ गाव उदगीरच्या पलीकडं, अगदी कर्नाटकाच्या कडेला. उमेदीची सगळी वर्षं नांदेडच्या एका कापडगिरणीत गेली. बायको वारल्यावर ते लातूरला मुलाकडं आले. मुलगा बसवराज पाइप आणि नळांचं दुकान चालवतो, सून शिक्षण खात्यात आहे, आणि नात शिवानी. ही शिवानी माझ्या हाताखालून गेलेली. पहिल्या बाकावर बसायची आणि वर्षभरात एकही प्रश्न विचारायची नाही. पेपरात सगळं बरोबर लिहायची, पण हजेरीला 'उपस्थित' म्हणताना मान खाली घालायची. ज्या घरात आप्पा त्याच घरात ही, याचं मला नेहमी नवल वाटायचं. बहुतेक घरादाराचे प्रश्न आप्पांनीच विचारून संपवले होते.

लातुरात बारावी झालेलं पोरगं दोनच गोष्टी करतं. डॉक्टर होतं, नाहीतर पुन्हा परीक्षा देतं. शिवानीची इथली जागा थोडक्यात हुकली आणि तिला रशियाला पाठवलं. ज्या गावी पाठवलं त्याचं नाव घरात एकट्या आप्पांनाच धड म्हणता येतं, कारण त्यांनी ते पाठ केलं. जाताना पोरगी विमानतळावरसुद्धा काही बोलली नाही, नुसती पाया पडली.

मग दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. मुरमुऱ्याच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचा आणि सगळ्यांनी समोर सतरंजीवर बसायचं. मी कधीकधी धपाटे द्यायला जायची तेव्हा हा सोहळा बघितलाय.

"जेवलीस का?"

"हो."

"थंडी हाय का?"

"हाय."

"बरं हाय ना सगळं?"

"बरं हाय."

यानंतर सगळे एकमेकांकडं बघायचे आणि सून डोळे पुसत भाजी बघायला उठायची. पोरीच्या मागं दरवेळी तीच भिंत, तीच खाट, तेच टांगलेलं जाकीट.

काही महिन्यांनी आप्पांनी यात तोंड घातलं. त्यांनी शिवानीला शब्द विचारायला सुरुवात केली. बर्फाला तिथं काय म्हणतात? का म्हणतात? भाकरीला काय? चमच्याला काय? दर रविवारी एक नवा शब्द, आणि त्याचं मूळ पुढच्या रविवारी सांगायचं. वर अट घातली: "फोनात बघून सांगायचं न्हाई. तिथल्या माणसाला इचारून सांगायचं."

"आप्पा, नेटवर लगेच मिळतं की."

"फोन काय रशियात जन्मला का? तिथल्या मातीतलं माणूस बघ."

अशातच बेलुगा आला. कॉलेजच्या पोरांना कुठलंसं मोठं मत्स्यालय बघायला नेलं होतं, तिथला फोटो शिवानीनं पाठवला. काचेमागं एक भलामोठा पांढराशुभ्र जीव, फुगीर कपाळ आणि चेहऱ्यावर हसू. आप्पा फोन घेऊन भिंतीशी आले. "म्याडम, ह्याला बेलुगा म्हणतेत म्हणं. पोरीला अर्थ इचारलोय. पुढच्या आइतवारी सांगती."

आता मी भूगोलाची बाई. माझ्यासमोर एवढा मोठा जलचर आणायचा आणि गप्प बसायला सांगायचं! मी तिथल्या तिथं फोन काढला, बघितलं आणि सांगून मोकळी झाले, "आप्पा, रशियनमध्ये पांढऱ्याला 'बेली' म्हणतात. त्यावरून बेलुगा. म्हणजे पांढरोबा म्हणा ना."

आप्पांनी दोन्ही कानांत बोटं घातली. पण उशीर झाला होता. "तुम्हाला कोण इचारलं?" ते कडाडले. "मी तुम्हाला इचारलो का? मी तिला इचारलोय!" आणि माकडटोपी सावरत घरात निघून गेले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर रागावलेले मी पहिल्यांदाच बघितले. फुकटात अर्थ सांगितला तर एवढं काय बिघडलं, मला काही कळेना. मीही जरा फुगूनच बसले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते स्वतःच आले. कानात गेलेला शब्द रात्रभर आत फिरला असणार. म्हणाले, "म्हणजे ढवळ्याच की!"

"कोण ढवळ्या?"

"तुमचा बेलुगा. आपल्यात पांढऱ्या बैलाला ढवळ्या म्हणतेत, तसं ते लोक ह्याला म्हणले. रंग बघून हाक मारले. शेतकरीच असणार कोणतरी." मग ते एकदम गंभीर झाले. "पर मग जोडीला कोण हाय?"

"जोडीला?"

"एकटा बैल असला की त्याला कोण ढवळ्या म्हणतंय? नुसतं बैल म्हणतेत. दावणीला दुसरा असला, काळा न्हाईतर तांबडा, तवा म्हणायची पाळी येती, की ढवळ्याला सोड, पवळ्याला बांध. ह्याला पांढरा म्हणले म्हणजे शेजारी दुसरा कोणतरी व्हता. तो कोण?"

जगातल्या कुठल्याच शब्दकोशवाल्याला असला प्रश्न पडला नसेल. मी फोनकडं हात नेला तर त्यांनी काठी उचलली. "हात लावायचा न्हाई. शिवानी इचारून सांगल."

रविवारी त्यांनी तो प्रश्न तिच्यावर सोपवलाही. पण उत्तर यायच्या आधीच घरात वाजलं. शिवानी एका विषयात मागं पडली होती. कॉलेजकडून तसा निरोप आला आणि बसवराजचा पारा चढला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. "आप्पा, लेकराला तिथं डॉक्टर व्हायला धाडलोय, माशांची नावं गोळा करायला न्हाई! आजपासून तिला काही इचारायचं न्हाई. तुम्ही फोनवर बोलायचंच न्हाई, नुसतं बघायचं." पुढच्या रविवारी डब्याला फोन टेकला, तेव्हा आप्पा मागं पलंगावर बसले होते. "बरं हाय ना?" "बरं हाय." तीन मिनिटांत कॉल संपला.

मला वाटलं, म्हाताऱ्याची हौस मोडली, चला, आता पुन्हा औषधवाल्याचं मरण. पण आप्पा कुणालाच काही विचारेनात. अंगणात तुरी वाळत घातल्या होत्या, त्यांच्याशी नुसते बसून राहायचे. एका दुपारी मला राहवलं नाही. मी भिंतीवरून म्हटलं, "आप्पा, एवढं काय त्या बेलुगाचं? बसवराज चिडला ते पोरीच्या काळजीनंच ना."

"आणि मला काळजी न्हाई?" ते म्हणाले. मग तुरीत हात फिरवत राहिले. "म्याडम, फोनात पोरीच्या मागं तुम्हाला कधी माणूस दिसलं का? कोणाचा आवाज आला? कोणी हाक मारलं? दोन वर्षं व्हायली. पोरगी त्या भिंतीसंगं राहायली तिथं. मेडिकलची पुस्तकं हायत, फोन हाय, तिला बोलायची गरजच न्हाई. आणि लाजाळू इतकी, की तहान लागली तरी पाणी मागायची न्हाई."

मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"मी नांदेडला गिरणीत लागलो तवा मला मराठी धड येत न्हवतं. घरात कानडी. काही बोललो की माणसं हसायची. म्हणून बोलायचंच सोडलो. कामाव जायचं, खोलीवर यायचं, कुलूप लावायचं, काढायचं. कधीकधी वाटायचं, आपल्याला तोंड हाय का गेलं? एक दिवस एक म्हातारी गाड्यावर कायतरी इकायली व्हती. मी बोट दाखवून इचारलो, ह्याला काय म्हणतेत? ती हसली न्हाई. बोरं म्हणतेत म्हणली. आणि मग म्हणली, कुठला रं तू लेकरा? जेवतोस कुठं?" आप्पांनी तुरीतला एक खडा उचलून टाकला. "आपण इचारलं, की समोरचं माणूस आपल्याला इचारतंय. तेवढंच पायजे असतंय. अर्थाला काय करायचं? अर्थ काय, फोनात बी असतोय."

आता मला कळलं, मी त्या दिवशी अर्थ सांगून त्यांचा काय घोटाळा केला होता. शिवानीला उत्तर कळवलं असतं तर तिला कुणाच्या दारात जायची गरज उरली नसती. मी म्हटलं, "हे बसवराजला का नाही सांगितलं?"

"पोरगी तिथं एकटी पडली म्हणून कसं सांगू? पाठवलाय तोच ना. कर्ज काढून पाठवलाय. त्याचा जीव ऱ्हाईल का?"

त्यानंतर येळवस आली. लातूरच्या बाहेरच्यांना सांगायला हवं, या अमावस्येला आमचं अख्खं गाव रिकामं होतं. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप करतात, आत पांडव मांडून पुजतात आणि मग भज्जी, उंडे, खीर, आंबील. ज्याचं शेत नाही त्याला शेतवाले ओढून नेतात. आम्हीही आप्पांच्या शेतात होतो. पूजा झाली, आंबील शिंपून चांगभलं झालं, पानं वाढली आणि बसवराजचा फोन वाजला. शिवानी होती. रविवार नसताना.

फोन आंबिलीच्या मडक्याला टेकवला. शिवानीच्या मागं यावेळी ती भिंत नव्हती. कसलंसं टेबल, खिडकी, खिडकीबाहेर पांढरा बर्फ, आणि शेजारी खुर्चीवर लोकरी शाल पांघरलेली एक जाडजूड म्हातारी.

"आप्पा कुठायत? आप्पांना द्या," शिवानी म्हणाली. इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. बसवराजनं बापाकडं बघितलं आणि सरकून जागा केली.

"आप्पा, ह्या तमाराआजी. आमच्या होस्टेलच्या दारावर बसतात. तुमचे सगळे शब्द ह्यांनीच सांगितले. मी तुमचा जोडीचा प्रश्न विचारला, तर आधी लई हसल्या, आणि मग म्हणाल्या, म्हातारा हुशार हाय. जोडी हाय, आप्पा!"

आप्पा उंडा हातात धरून पुढं सरकले.

खरा बेलुगा, शिवानी सांगू लागली, हा मासा. वोल्गा नदीतला, माणसाहून कितीतरी मोठा. पाठ काळपट आणि पोट पांढरं. फोटोतला तो उत्तरेच्या समुद्रातला देवमासा, त्याला तिकडं बेलुखा म्हणतात. दोन्ही नावं पांढऱ्यावरूनच. बाहेरच्या जगानं दोघांची गल्लत करून देवमाशालाच बेलुगा करून टाकलं.

"म्हणलो न्हाई का!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "दोन निघाले! एकाची पाठ बी काळी निघाली!"

"आणि त्या माशाची अंडी लोक लई महाग घेऊन खातात."

"शिव शिव शिव," आप्पा म्हणाले आणि उंडा पानात ठेवला.

तमाराआजी मध्येच काहीतरी बोलली, शिवानीकडं बोट करून. शिवानी लाल झाली. "काय म्हणायल्यात?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही."

"सांग की."

"त्यांच्यात म्हण..." ती अडखळली. "म्हणजे, कुणी मोठमोठ्यानं रडायला लागलं की बेलुगासारखं रडतंय म्हणतात. खरं तर मासा मुका असतो, आवाज देवमाशाचा, पण नाव माशाचंच घेतात. त्या म्हणतात, मी आले तेव्हा तशी रडायचे. खोलीचं दार लावून. त्यांना बाहेर ऐकू यायचं. त्या चहा घेऊन दाराशी उभ्या राहायच्या आणि तसाच परत न्यायच्या. मला भाषा येत नव्हती, आत येऊन काय बोलणार म्हणून. मग एक दिवस मीच त्यांच्या टेबलाशी गेले. बर्फाला तुमच्यात असं का म्हणतात, विचारायला."

सुनेनं पदर तोंडाला लावला. बसवराज आंबिलीचा पेला हातात धरून जमिनीकडं बघत होता. त्याला हे सगळं आत्ता कळत होतं, आणि बापाला ते कधीचं माहीत होतं, हेही.

आप्पांनी त्या म्हातारीला हात जोडले. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येकाला नावाचा अर्थ विचारला, त्यानं 'तमारा' म्हणजे काय हे विचारलं नाही. त्यांनी भज्जीची वाटी उचलून फोनच्या अगदी जवळ नेली आणि म्हणाले, "जेवून जावा, माय." शिवानीनं ते तिकडं सांगितलं. म्हातारी हसली, मग तिनंही डोळे पुसले.

निघताना बसवराज गाडीशी येऊन म्हणाला, "आप्पा, पुढच्या आइतवारी कोणता शब्द द्यायचा तिला?"

"आता नगं," आप्पा म्हणाले. "आता ती बोलती."

आणि खरंच शिवानी बोलायला लागली. तमाराआजीकडून तिची ओळख होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात येणाऱ्या पोरींशी झाली, एक केरळची निघाली, एक तिथलीच. मागच्या रविवारी तर तिचा फोनच आला नाही. सगळ्याजणी मिळून बाजारात गेल्या होत्या, तसा दोन ओळींचा निरोप आला, सोबत एक फोटो. फोटोत शिवानी तोंड उघडं टाकून हसत होती. बसवराजनं मला आनंदानं दाखवला. तो आणि सून मग कुठल्याशा लग्नाला गेले.

मी स्वयंपाकघरात होते. भिंतीशी काठी वाजली. आप्पा उभे होते, माकडटोपी घालून. नुसते आमच्या अंगणात इकडंतिकडं बघत होते. मग नळाशेजारच्या झाडाकडं त्यांनी काठी केली.

"म्याडम, ह्याला काय म्हणतेत?"

तो कढीपत्ता होता. गेल्या पावसाळ्यात गावाकडून रोप आणून आप्पांनी स्वतःच्या हातानं तिथं लावला होता.

उत्तर माझ्या ओठावर आलं होतं. मी गॅस बारीक केला, खुर्ची बाहेर आणली आणि म्हटलं, "मला नाही माहीत, आप्पा. या, बसा. तुम्हीच सांगा."

ते फाटकातून आत आले, सावकाश बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमची माय ह्याला करीबेवू म्हणायची," ते म्हणाले. "करी म्हणजे काळा. बेवू म्हणजे कडुलिंब. तिला कोण सांगितलं, ते ऐका."

मी चहाचं आधण दोघांचं टाकलं.